शेऱ्याचा रकाना

लहानुबाईंना मी अकरा-बारा वर्षं ओळखत होतो. त्यातली पहिली तीन वर्षं मी त्यांना सखाराम समजत होतो.

त्याचं असं झालं. सत्तरच्या आसपास मी नागपुरात एका सरकारी ऑफिसात होतो. पावसाचे आकडे गोळा करायचं ऑफिस. नाव सांगत नाही. दोष ऑफिसचा नव्हता, माझा होता, आणि ऑफिसच्या नावामागे लपायची सवय मला आधीच फार होती. तर गावोगावी पावसाचं माप बसवलेलं असायचं. जमिनीत पक्कं केलेलं नळकांडं, वर फनेल, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला तिथल्या माणसानं बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, किती मिलिमीटर ते बघायचं आणि कार्डावर लिहून आमच्याकडे धाडायचं. कुठे मास्तर हे काम करायचा, कुठे कोतवाल. माझ्याकडे छाननी होती. आलेला आकडा शेजारच्या आकड्यांशी ताडून पाहायचा आणि पटला नाही तर लाल पेन्सिलीनं त्याला गोल करायचा. त्या लाल पेन्सिलीचा मला माज होता, सरळ सांगतो.

मौद्याजवळ कन्हान नदीच्या पात्रात एक टापू होता. ढिवरांची आणि बौद्धांची मिळून चाळीसेक घरं. उन्हाळ्यात वाळूत डांगरवाड्या लावायच्या, टरबुजं नागपूरच्या बाजारात आणायची. पावसाळा लागला की चारी बाजूंनी पाणी, आणि जायला-यायला सोमा ढिवराचा डोंगा. तिथलं कार्ड सोमाच पलीकडे नेऊन मौद्याच्या पेटीत टाकायचा. खाली सही 'सखाराम मेश्राम'. अक्षर मोठं, पाटीवर गिरवल्यासारखं.

कार्डावर शेवटी एक रकाना असायचा, शेऱ्याचा. 'माप बिघडले', 'बाटली फुटली' असलं काही लिहायचं असेल तर. बाकी सगळे तो कोरा सोडायचे. टापूवरून मात्र रोज तो भरून यायचा. 'आज मुंग्या अंडी घेऊन वर चढल्या.' 'पाणी काळपट, वर पेंचकडं पडला असेल.' 'पाणी पिवळं, फेस आहे.' आणि एकदा तर कहरच झाला. आकड्याच्या जागी रेघ, आणि शेरा: 'कुंपण मोडून बकरी आत गेली. बकरीनं पाऊस प्याला. नोंद नाही.'

अरे बापरे, काय हसलो आम्ही! मी ते कार्ड चहाच्या वेळी उभं राहून वाचलं, आवाज बदलून वाचलं. पुढचे आठ दिवस कोणाला चहा कमी मिळाला की 'बकरीनं प्याला' म्हणायचे. मग मी माझ्या हुशारीनं टापूवर एक पत्र ठोकलं, की शेऱ्याच्या रकान्यात अनावश्यक मजकूर लिहू नये. उलट टपाली कार्ड आलं: 'मग जागा कोरी ठेवायची काय? कार्ड तर एवढंच मोठं राहते.'

आता खरं सांगू का? आमच्याकडे आकडे धाडणारे निम्मे लोक घरात बसून आकडे रचायचे. शेजारच्या गावच्या कोणाला तरी विचारायचे आणि त्यात दोन-चार इकडेतिकडे करून लिहायचे. बकरी प्याली तर कोणीही ठोकून दिलं असतं, बारा मिलिमीटर. आणि मी त्यावर बरोबरची खूण केली असती. ज्या एका माणसानं खरं लिहिलं, त्याला मी अख्ख्या ऑफिसात हसायचा विषय केलं होतं.

मग एका जुलैत तपासणीला मीच गेलो. सोमानं डोंग्यात बसवलं. विशी-बाविशीचा पोरगा, एकसारखा बोलणारा. म्हणाला, "सखाराम कुठचा गा बाबू? सखारामले मरून तीन वर्षं झाली. लहानुमाय लिवते सारं."

मी चरकलो. मेलेल्या माणसाच्या सहीनं तीन वर्षं सरकारी नोंद? मनात मेमोचा मसुदा तयार करतच उतरलो. काठावर एक बाई उभी, सावळी, उंच, पांढरं लुगडं, हातात काचेचं मोजपात्र.

"जय भीम, बाबू."

मी म्हणालो, "नमस्कार. चहाबिहा नंतर. आधी मला सांगा..."

"चहा मी देऊनच नाई राहिली. साडेआठ झाले. आधी पाऊस."

आणि त्या मला तिथंच सोडून चालत्या झाल्या. मापाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, बकरीच्या त्या प्रकरणानंतर दुप्पट जाड केलेलं. आत जाऊन त्यांनी बाटली काढली, पाणी मोजपात्रात ओतलं, ते एका सपाट दगडावर ठेवलं आणि त्या ओल्या चिखलात चक्क पोटावर आडव्या झाल्या. डोळा पाण्याच्या रेषेला अगदी समोर यावा म्हणून. आमच्या सूचनापत्रात ते लिहिलेलं होतं, की नजर पाण्याच्या पातळीत असावी. मीच ते दरवर्षी छापून धाडायचो. कोणी पाळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी स्वतःसुद्धा कधी पाळलेलं नव्हतं.

मी 'ती' म्हणायचो त्यांना तेव्हा. आता 'त्या' म्हणतो. फार उशिरा.

नवऱ्यानं, सखारामनं, छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्यांना अक्षरं शिकवली होती. त्याच अक्षरांत आता त्या त्याची सही करत होत्या. मी विचारलं, "हे चालतं का, बाई? माणूस गेला हे कळवायला नको?"

"कळवलं असतं तर तुमी माप घेऊन गेले असते. बाईच्या हाती कोन ठेवते?" मग मोजपात्र पुसत म्हणाल्या, "नाव खोटं हाये बाबू, आकडा खरा हाये. तुमाले कोनतं पायजे ते सांगा."

मेमो मी लिहिला नाही. नाव बदलून घेतलं. एवढं एक काम माझ्या हातून बरं झालं, तेही चहा पिताना त्यांनी मान्य करवून घेतलं म्हणून.

त्याच चहाला त्यांनी खरी गोष्ट काढली. म्हणाल्या, "रोज मी तुमाले माहा पाऊस सांगतो. माह्या पावसाचं मले काय करायचं हाये? मले तर दिसून राहिला तो. आमाले वरचा पाऊस मारते. इथं ऊन पडलेलं राहते आन् पाणी येते. तुमाले वरचे आकडे येतात ना? ते मले काहून नाई सांगत तुमी?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. पुराचा इशारा कोणाला द्यायचा याची यादी असते. त्या यादीत टापू नव्हता. कागदोपत्री ते गावच नव्हतं, पलीकडच्या गावाची वस्ती होती. मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पान्याले ठाऊक हाये का तुमची यादी?"

पंधरा दिवसांनी त्या सोमाला घेऊन नागपूरला, थेट माझ्या टेबलाशी. लोक बकरीवाली बाई म्हणून वळून वळून पाहत होते. त्यांनी सगळी आखणी करून आणली होती. वर जोराचा पाऊस झाला की मी मौद्याच्या पोस्टात ट्रंक कॉल लावायचा. पोस्टमास्तर भला माणूस, त्याच्याशी बोलणं झालेलं. त्याचा पोस्टमन सायकल मारत काठावर जाणार. काठावर उंच बांबू पुरलेला. त्यावर लाल कापड चढवणार. टापूवरून ते दिसणार. कापड दिसलं की पोरंबाळं, म्हातारी माणसं, गुरं, या क्रमानं सोमा सगळ्यांना पलीकडे नेणार.

"बांबू उभा केला," त्या म्हणाल्या. "कापडही देल्लं, माह्या लग्नातल्या लुगड्याचं. आता तुमचा फोन राहिला."

"करतो ना," मी म्हणालो. "त्यात काय आहे?"

सोमा हसून म्हणाला, "लहानुमायचं सरकारच अलग हाये, बाबू."

त्या पावसाळ्यात मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा पाणी आलं आणि टापू आधीच रिकामा झालेला होता. एक कोंबडीसुद्धा गेली नाही. त्या कार्डावरचा शेरा मला पाठ आहे: 'कापड वेळेवर चढलं. बाबूचे आभार सगळ्या टापूकडून.' ते कार्ड मी घरी नेऊन बायकोला दाखवलं. दुसऱ्यांदा पाणी आलंच नाही. दोन दिवस सगळा टापू मौद्याच्या शाळेत पाऊस खात बसला आणि परत गेला. लोक बाईंना फार टाकून बोलले. मला वाटलं, आता मला चांगल्याच शिव्या येणार. शेरा आला: 'पाणी आलं नाही. बरं झालं. पुढच्या वेळी पण सांगा.'

पण ते दुसरं प्रकरण कुठून तरी आमच्या साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून घेतलं. कोणाच्या अधिकारात फोन करता? उद्या टापूवरचं कोणी डोंग्यात बुडालं तर जबाबदार कोण? लेखी खुलासा द्या. मी खुलासा दिला आणि घाबरलो. मी घाबरट माणूस आहे. लाल पेन्सिल हातात असलेले बहुतेक असतात. पण मी बाईंना हे कळवलं नाही. फोन येणार, असं त्या धरून चालल्या, आणि मी त्यांना तसं धरून चालू दिलं.

पुढच्या वर्षीचा तान्हा पोळा. नागपुरात त्या दिवशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत निघते, बाईच्या मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडग्यांचे पुतळे, आणि रोगराई घेऊन जा म्हणून ओरडणारी अख्खी इतवारी पेठ. ऑफिसला सुट्टी, पण पावसाळ्यात एकाला सकाळी बसावं लागायचं. मी बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन. पोरांना मारबत दाखवायचं कबूल केलेलं, अकराला निघायचं होतं. साडेदहाला वरच्या डोंगरातल्या केंद्राची तार आली. आकडा एवढा मोठा, की मी दोनदा वाचला. शेजारच्या केंद्रांचे आकडे किरकोळ. तिथला माणूस आकडे रचणारा म्हणून आमच्याकडे बदनाम होता.

मी लाल पेन्सिल काढली. गोल केला. 'संशयास्पद, टपालाने खात्री करावी.' कार्ड लिहिलं, पेटीत टाकायला वर ठेवलं. फोन समोरच होता. नुसता आकडा चुकला वाटला म्हणून उचलला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मौद्याला ट्रंक कॉल लागायला त्या दिवसांत तास-दीड तास बसावं लागायचं. ते मला ठाऊक होतं. घड्याळाकडे मी पाहिलं होतं. साहेबांना दिलेला खुलासा आठवला, तोही सोयीनं आठवला. मी कुलूप लावलं आणि निघालो.

मारबत छान झाली. धाकट्याला खांद्यावर घेऊन पाहिली.

आठवड्यानं कार्ड आलं. दुसऱ्या कोणाकडून तरी मागून घेतलेलं जुनं कार्ड, कडेला चिखल लागलेला. 'माप वाहून गेलं. नोंद नाही.' आणि शेरा: 'उन्हात पाणी आलं. कापड चढलं नाही म्हणून आम्ही बसून राहिलो. सोमानं तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेला डोंगा उलटला. बाकीचे निघाले. डोंगा सापडला. सोमा सापडला नाही. तुमचा फोन बिघडला असेल.'

त्यांनी मला वाट करून दिली होती. आणि मी निर्लज्जासारखा त्या वाटेनं गेलो. त्याच दिवशी उत्तर लिहिलं: 'होय. त्या दिवशी लाईन बंद होती. वाईट वाटले.' टपालानं खात्री करायला धाडलेलं माझं कार्डही तेव्हाच उलट आलं. आकडा बरोबर होता. आयुष्यात एकदा त्या माणसानं खरं लिहिलं होतं. लाल गोल मी रबरानं खोडला. लाल पेन्सिल नीट खोडली जात नाही, कागद गुलाबी राहतो.

त्यानंतर टापू उठला. मौद्याच्या बाजूला उंचावर लोकांनी झोपड्या घातल्या. माप पुन्हा बसवलं गेलं, बाईंची कार्डं पुन्हा येऊ लागली. आकडा असायचा. शेऱ्याचा रकाना कोरा. एकेकाळी मीच तो कोरा ठेवा म्हणून मागे लागलो होतो. आता रोज आकड्याच्या आधी मी तो कोरा रकाना पाहायचो. मी इकडे नागपुरात नंदनवन वस्तीत घर बांधलं, पोरांची शिक्षणं केली. लोकांत उठलो-बसलो. कोणाला काही दिसलं नाही.

सात-आठ वर्षांनी, मी रिटायर व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात, एका कार्डावर पुन्हा शेरा आला: 'एकदा येऊन जा. वहीत एक जागा कोरी आहे.'

गेलो. सकाळचे आठ वाजले होते. बाई वाकल्या होत्या, केस पार पांढरे. मला पाहून मनापासून हसल्या, हे मला सहन झालं नाही. "जय भीम, बाबू." या खेपेला मीही जय भीम म्हणालो. त्यांनी खाट टाकली आणि पत्र्याच्या पेटीतून एक लांब वही काढली. त्या घरी पक्की नोंद ठेवायच्या, कार्डावर उतरवायच्या आधी. पुरात वाहून जाऊ नये म्हणून ही वही डोक्याला बांधून त्या डोंग्यात बसल्या होत्या, दुसऱ्या खेपेला.

त्यांनी बरोबर ते पान उघडलं. तान्ह्या पोळ्याचा दिवस. पाऊस निरंक. शेरा: 'फोन आला नाही. कारण' आणि पुढे दोन ओळींची मोकळी जागा.

"त्या दिशी चार वाजता पाणी चढून राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "सोमा म्हने, माय, निंघू. मीच म्हटलं, थांब गा, कापड नाई चढलं. बाबू सांगतेत. मीच थांबवलं त्याले. तासभर."

मी ती मोकळी जागा पाहत होतो.

"पोस्टमास्तर म्हनते, लाईन दिवसभर चालू होती. मंग लोक म्हनतात, फोन आला असन, कापड चढलं असन, या बुढीलेच दिसलं नसन. सोमाची माय बाजूलेच राह्यते. आठ वर्षं झाली, माह्या हातचं पानी पेत नाई ते." त्यांनी लुगड्याच्या काठानं पेनाचं टोक पुसलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "मी तुमाले काईच म्हनत नाई, बाबू. चुकते मानूस. फक्त जे झालं ते तुमच्या हातानं लिवा. तिले वाचून दाखवतो मी. बकरी प्याली तर मी लिवलंच होतं ना?"

भिंतीपलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं. तीच असावी, सोमाची आई. घासणं थांबलं होतं.

मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. तीन शब्दांचं काम होतं. मग मला पेन्शनचे कागद दिसले, खुलासे दिसले, पोरीचं ठरलेलं लग्न दिसलं. मी म्हणालो, "बाई, चष्मा नाही आणला हो. वाचता येत नाही."

चष्मा माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात होता. त्याची एक काडी बाहेर आलेली होती. बाईंनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. पेन माझ्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी."

पलीकडे भांडी पुन्हा सुरू झाली. बाईंनी कोनाड्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. "चाला, साडेआठ झाले." त्या बाहेर गेल्या. मी दारातून पाहिलं. काट्यांच्या कुंपणात शिरून त्यांनी पाणी ओतलं, मोजपात्र दगडावर ठेवलं, आणि त्या वयात, एक हात कमरेवर धरून, हळूहळू चिखलात पोटावर आडव्या झाल्या. डोळा पाण्याच्या रेषेला लावला. मी तसाच मागच्या मागे निघालो. त्यांनी मान वर केली नाही. त्या आकडा वाचत होत्या.

पुढची वेळ मी येऊच दिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात लहानुबाई गेल्या, आणि त्यांच्यानंतर थोड्याच दिवसांत सोमाची आईही. ती वही कोणाकडे आहे मला ठाऊक नाही. आता लिहून कोणाला वाचून दाखवायचं आहे? तरी लिहितो. चष्मा लावून लिहितो.

शेरा: फोन आला नाही. कारण, फोन चालू होता, तारही आली होती, मी मारबत पाहायला गेलो होतो. कापड चढलंच नव्हतं. बाईंना बरोबर दिसलं होतं.